बटाट्यातले लोह आणि पेशीचे मरण

चिरलेला बटाटा ताटात तसाच राहिला की थोड्या वेळाने काळपट पडतो. म्हणून फोडी पाण्यात टाकायची सवय घरोघर असते. हा काळपटपणा एका प्रथिनामुळे येतो. त्या प्रथिनात तांब्याचे अणू असतात. सुरीने पेशी फुटतात, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि तांब्याच्या मदतीने बटाट्यातली फिनॉल वर्गातली द्रव्ये काळवंडतात.

१९३८ च्या सुमारास हे तांब्याचे प्रथिन एका शास्त्रीय वादात सापडले होते. सजीव पेशी ऑक्सिजन वापरून अन्नातली ऊर्जा मोकळी करते, म्हणजेच श्वसन करते. प्राण्यांच्या पेशीत हे काम लोह बाळगणारी प्रथिने करतात, हे तोवर कळून चुकले होते. वनस्पतींचे काय? बटाट्यात तांब्याचे प्रथिन भरपूर मिळते, तेव्हा बटाट्याचा श्वास तेच चालवत असावे, असे काही वनस्पतिशास्त्रज्ञ मानत. तांबे की लोह, असा हा प्रश्न होता. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात त्यावर काम करणाऱ्यांत सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मराठी मुलगी होती. तिचे नाव कमला भागवत. लग्नानंतर ती कमला सोहोनी झाली आणि महाराष्ट्राला त्याच नावाने ठाऊक झाली.

तिने ज्या लोहाच्या प्रथिनाचा बटाट्यात माग काढला, ते सुमारे साठ वर्षांनी कर्करोगाच्या संशोधनात अगदी अनपेक्षितपणे पुढे आले. पेशीने कधी मरायचे, या निर्णयात त्या प्रथिनाचा हात आहे असे आढळले. आणि कर्करोग म्हणजे, एका अर्थाने, मरायला हव्या असलेल्या पेशींनी मरण नाकारणे.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेतून, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत हे दोघे होते. थोरली बहीण दुर्गा. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि लेखिका दुर्गा भागवत त्या याच. एकीने ओव्या, लोककथा आणि ऋतू धुंडाळले, दुसरीने डाळी, दूध आणि नीरा. पुस्तकांमुळे थोरलीचे नाव घरोघर पोहोचले. धाकटीचे काम शोधनिबंधांत राहिले आणि शोधनिबंध कोणी वाचनालयातून घरी नेत नाही.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. मुख्य विषय रसायन, जोडीला भौतिकशास्त्र, आणि क्रमांक पहिला. वडील-काकांच्या संस्थेत संशोधन करायचे हे घरात जवळजवळ ठरलेलेच होते. तिने बंगळूरला अर्ज पाठवला. संस्थेचे संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन, तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळवलेले. त्यांनी अर्ज फेटाळला. गुणांचा प्रश्न नव्हता. अर्ज मुलीचा होता, एवढेच कारण. वडील आणि काका जाऊन विनवणी करून आले, तरी नकार कायम राहिला.

मग कमला स्वतः बंगळूरला गेली. देशात सत्याग्रहाचे दिवस होते आणि घरात गांधींविषयी आदर होता. मुलीला प्रवेश न देण्याचे कारण सांगा, नाहीतर मी इथून हलत नाही, असा पवित्रा तिने घेतला. अखेर रामन तयार झाले, पण अटी घालून. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये. पहिल्या दोन अटी कडक शिस्तीच्या म्हणून खपून गेल्या असत्या. तिसरीला शिस्तीचा कोणताही आधार नव्हता. कमलेने तिन्ही मान्य केल्या, पण हा अपमान ती विसरली नाही. उतारवयात जाहीर समारंभात बोलतानाही त्यांनी तो बोलून दाखवला.

रामन यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की वर्षभर तिचे काम पाहून त्यांनी तिला नियमित केले आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. हवामानशास्त्रात मोठे काम केलेल्या ॲना मणी १९४० साली त्याच संस्थेत रामन यांच्याच हाताखाली संशोधनाला आल्या. दार उघडणारा माणूस आणि अडवणारा माणूस एकच होता. मधले काम एका मुलीने केले.

बंगळूरला तिला श्रीनिवासय्या यांच्यासारखा कडक आणि मनापासून शिकवणारा मार्गदर्शक मिळाला. दूध, कडधान्ये, डाळी यांतली प्रथिने वेगळी काढून तपासणे हा विषय. ज्या देशात बहुतेकांच्या ताटातली प्रथिने डाळीतून येतात, तिथे हा विषय निवडायला वेगळे कारण लागत नाही. १९३६ साली या कामावर तिने एम.एस्सी. मिळवली आणि पाठोपाठ स्प्रिंगर आणि मंगळदास या दोन शिष्यवृत्त्यांवर ती केंब्रिजला गेली.

केंब्रिजच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवलेले. विभागात जागा उरली नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा तिला देऊ केले आणि स्वतः रात्री काम करायचे ठरवले, असे सांगतात. बंगळूरच्या दुसऱ्या अटीशी ताडून पाहावी अशी ही गोष्ट आहे. रिक्टर यांच्याबरोबर तिने फिनॉल वर्गातल्या द्रव्यांवर चालणाऱ्या प्राण्यांच्या एन्झाइमांवर काम केले. ते दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या श्वसनाकडे वळली. हिल म्हणजे हिरव्या पानातल्या हरितलवकांतून ऑक्सिजन कसा सुटतो हे दाखवणारे शास्त्रज्ञ.

इथे थोडे मागे जायला हवे. १८८० च्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टन गावातल्या मॅकमन नावाच्या डॉक्टरने प्राण्यांच्या स्नायूंतून प्रकाश पाठवून तो वर्णपटदर्शकातून पाहिला. इंद्रधनुष्यासारख्या पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या रेघा दिसल्या. हे रक्तातले हिमोग्लोबिन नसून पेशीतलेच वेगळे रंगद्रव्य आहे, असे त्याने मांडले. जर्मनीतल्या एका बड्या रसायनशास्त्रज्ञाने ते खोडून काढले आणि गावातल्या डॉक्टरचे म्हणणे चाळीस वर्षे अडगळीत गेले. १९२५ साली केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांना त्याच रेघा पुन्हा दिसल्या, कीटकांत, यीस्टमध्ये, जिथे पाहावे तिथे. त्यांनी त्या रंगद्रव्यांना सायटोक्रोम म्हणजे पेशीचा रंग असे नाव दिले आणि ए, बी, सी अशी त्यांची वर्गवारी केली.

यातले सायटोक्रोम सी हे लहानसे प्रथिन. माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये अमिनो आम्लांची अवघी १०४ मण्यांची माळ असते आणि तिच्या घडीत लोहाचा एकच अणू बसवलेला असतो. तो अणू एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो. घेतला की रेघा ठळक होतात, दिला की पुसट. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन असे हातोहात सरकत शेवटी ऑक्सिजनपर्यंत जातात आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते. पेशीतल्या मायटोकाँड्रियांमध्ये, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिकांमध्ये, हे अखंड चाललेले असते.

वनस्पतीत हे पाहणे अवघड. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग बाकी सगळे झाकून टाकतो. बटाट्याच्या पांढऱ्या गरात ती अडचण नाही, पण रंगद्रव्य फार थोडे आणि वर तांब्याचे ते प्रथिन गर काळा करायला टपलेले. कमला भागवत यांनी दाखवले की बटाट्याच्या ऊतीतही सायटोक्रोम सी आहे आणि श्वसनात त्याचा वाटा आहे. १९३९ साली हिल आणि भागवत या दोघांच्या नावाने सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचे टिपण नेचर या नियतकालिकात आले. प्राणी आणि वनस्पती श्वसनाचे एकच यंत्र वापरतात, ही आज शाळेत शिकवली जाणारी गोष्ट अशा तुकड्या-तुकड्यांनी सिद्ध झाली. तांब्याच्या बाजूने बोलणारेही अगदीच चुकले नव्हते म्हणा. साखळीच्या शेवटी ऑक्सिजनला भिडणाऱ्या सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये लोहाबरोबर तांबेही असते, हे नंतर पक्के झाले.

केंब्रिजला गेल्यापासून चौदा महिन्यांत तिने प्रबंध दिला. टंकलिखित पाने चाळीस. प्रबंध जाडीवर मोजण्याची सवय असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. १९३९ साली तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याआधी १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. घेतली होती, हेही त्याच श्वासात सांगायला हवे.

परदेशात राहता आले असते. कमलाबाई १९३९ मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. तिथे जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. सोहोनी विमागणिती होते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक म्हणून त्या रुजू झाल्या आणि पुढे संस्थेच्या संचालक झाल्या. ते पद अंतर्गत राजकारणामुळे त्यांना बरेच उशिरा मिळाले. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

मुंबईतल्या वीस वर्षांत सायटोक्रोम मागे पडले आणि बंगळूरची कडधान्ये परत आली. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारी प्रथिने असतात; त्यामुळे खाल्लेले प्रथिन नीट पचत नाही. भारतीय अन्नपदार्थांतल्या अशा अडवणाऱ्या प्रथिनांचा शोध कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतला. वालातले आणि डबल बीनमधले प्रतिबंधक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे काढल्याचे त्यांचे टिपण १९५५ मध्ये नेचरमध्ये आले. रत्नागिरीहून हातखंब्यावरून पालीकडे जाताना वाटेत कोणाच्याही घरी डोकावले तर कुळीथ भाजून दळलेले पीठ डब्यात सापडेल आणि वाल मोड काढून, सोलून, शिजवून खाल्ले जाताना दिसतील. भिजवणे, भाजणे, शिजवणे यांनी ही अडवणारी प्रथिने बऱ्याच अंशी निकामी होतात. आजीच्या पद्धतीमागे काय घडते, ते या प्रयोगशाळेत अमिनो आम्लांच्या भाषेत लिहिले गेले.

नीरेचे कामही याच काळातले. तत्कालीन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून ते सुरू झाले. ताडामाडाचा पहाटे उतरवलेला, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. ती आंबली की माडी-ताडी. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात क जीवनसत्त्व आणि लोह यांचे चांगले प्रमाण त्यांच्या गटाला आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती दिल्यावर प्रकृती सुधारल्याचे त्यांनी नोंदवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या प्रतीबाबत त्यांचा सल्ला होता. लोह पुन्हा आलेच. पण आता वर्णपटात नव्हे, गरोदर बाईच्या रक्तात.

सायटोक्रोम सीची गोष्ट मात्र दुसरीकडे चालू राहिली.

१९७२ साली केर, वायली आणि करी या तीन संशोधकांनी पेशीच्या एका शिस्तशीर मरणाचे वर्णन केले. जखमेने किंवा विषाने मरणारी पेशी फुगून फुटते आणि भोवती दाह होतो. ही दुसरी पेशी आक्रसते, आपला गाशा गुंडाळते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. त्यांनी त्याला अपोप्टोसिस म्हटले. गर्भात बोटांमधला पडदा नाहीसा होतो तो असाच. डीएनए दुरुस्त न होण्याइतका बिघडला, तर पेशी याच वाटेने स्वतःला संपवते. ही सोय मोडली तर बिघडलेली पेशी जगते, तिची पिल्ले जगतात आणि गाठ होते.

हे मरण सुरू कोण करते? १९९६ साली अमेरिकेत शियाओडाँग वांग यांच्या गटाने फोडलेल्या पेशींच्या रसात हे मरण घडवून आणले आणि त्याला लागणारे घटक एकेक करून वेगळे काढले. त्यातला एक घटक गुलाबी निघाला. त्याचा वर्णपट घेतला तर तो जुना ओळखीचा निघाला: सायटोक्रोम सी. सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसेना. जे प्रथिन पेशीला श्वास देते, तेच तिच्या मरणाची घंटा कसे वाजवील? पण तसेच आहे. मायटोकाँड्रियाच्या आत असते तोवर ते इलेक्ट्रॉन वाहते. बाहेरच्या आवरणाला छिद्रे पडून ते पेशीद्रवात आले, की दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटते, अशा सात जोड्यांचे चाक तयार होते आणि ते चाक पेशी कातरणाऱ्या एन्झाइमांना जागे करते. त्यानंतर परत फिरणे जवळपास नसते.

कर्करोगाच्या बहुतेक औषधांना आणि किरणोपचाराला याच वाटेची मदत होते. ते पेशीचा डीएनए इतका बिघडवतात की पेशीनेच मरण पत्करावे. ज्या गाठीच्या पेशींनी ही वाट बंद केली आहे, त्या औषधाला दाद देत नाहीत. वाट बंद करणारे एक प्रथिन आधीच माहीत होते: बीसीएल-२. रक्तपेशींच्या एका कर्करोगात, फॉलिक्युलर लिम्फोमात, १९८० च्या दशकाच्या मध्यात ते सापडले. मायटोकाँड्रियाच्या दारात उभे राहून ते सायटोक्रोम सीला बाहेर पडू देत नाही. या पहारेकऱ्याला हटवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत एका प्रकारच्या दीर्घकालीन रक्तकर्करोगासाठी मंजूर झाले. आज एखादा रुग्ण ती गोळी घेतो तेव्हा त्याच्या रोगट पेशींत जे बाहेर पडते, ते लोहाचा एक अणू पोटात असलेले तेच प्रथिन, जे केंब्रिजमध्ये बटाट्यात शोधले गेले होते. वांग यांचा निबंध आला तेव्हा कमलाबाई पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या.

धातू धरून ठेवणारी प्रथिने कर्करोगात इतरत्रही भेटतात. प्रौढ माणसाच्या अंगात लोह तीन-चार ग्रॅम, तांबे तर ग्रॅमचा दहावा हिस्सा. पण हे धातू मोकळे सुटले तर ऑक्सिजनशी खेळून डीएनए जाळणारे कण तयार करतात. म्हणून शरीर त्यांना कायम कोणत्या ना कोणत्या प्रथिनाच्या ताब्यात ठेवते. रक्तात लोह वाहते ट्रान्सफेरिन, दर रेणूमागे दोन अणू. साठवते फेरिटिन, ज्याच्या पोकळ गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. तांबे सिरुलोप्लाझ्मिनमध्ये, जस्त मेटॅलोथायोनिनमध्ये. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीला लोह फार लागते, म्हणून तिच्या पेशी अंगावर ट्रान्सफेरिन पकडणारे हात जास्त उगवतात. गॅलियम हा धातू लोहाचे सोंग घेऊन याच हातांत जातो; म्हणून किरणोत्सारी गॅलियम टोचून लिम्फोमाच्या गाठी छायाचित्रात पाहता येत असत. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात रक्तातले फेरिटिन जास्त असेल तर आजार अवघड जातो, हे १९८० च्या दशकात दिसले. स्तनाच्या काही कर्करोगांत पेशीतले मेटॅलोथायोनिन वाढलेले असणे वाईट लक्षण मानले गेले. हेच प्रथिन सिसप्लॅटिनसारख्या प्लॅटिनमच्या औषधालाही पकडून निकामी करू शकते.

यावरून लगेच तपासण्या करून घेऊ नयेत. पालीसारख्या गावातून रत्नागिरीला रक्त तपासायला गेलेल्या माणसाच्या अहवालात फेरिटिन वाढलेले दिसले, तर त्याचा अर्थ कर्करोग असा होत नाही. साधा संसर्ग, सांधेदुखीचा दाह, यकृताचा आजार, दारू यांनीही ते वाढते. उलट कमी फेरिटिनकडे काही वेळा जास्त लक्ष द्यावे लागते. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या अंगातले लोह कारणाशिवाय कमी झाले असेल, तर आतड्यातून रक्त झिरपते आहे का आणि तिथे गाठ आहे का, हे डॉक्टर पाहतात. नुसती लोहाची गोळी घेऊन ते झाकून टाकणे महागात पडू शकते.

खनिजांच्या गोळ्या खाऊन कर्करोग टाळता येतो का, याची मोठी परीक्षा सेलेनियमची झाली. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून ३५ हजारांहून अधिक पुरुषांना सेलेनियम, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा दोन्हींपैकी काहीच नाही, असे देऊन पाहिले. प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हा प्रश्न. २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. फायदा दिसला नव्हता. २०११ मधल्या हिशेबात नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. ज्या खनिजाला शरीर इतक्या काटेकोरपणे प्रथिनांच्या ताब्यात ठेवते, ते वरून ओतले की जास्त चांगले होते, या समजुतीला त्यात आधार मिळाला नाही.

निवृत्तीनंतर कमलाबाईंचे काम बाजारात आले. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत त्या सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या पत्रिकेत त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. केंब्रिजच्या पीएच.डी.ने भेसळीवर लिहिणे काहींना उतरण वाटेल. पण डाळ, दूध, नीरा या ओळीत पाहिले तर ते तिच्या आयुष्यभराच्या कामाशी सुसंगतच होते.

या साऱ्या काळात विज्ञानाच्या जगाने त्यांची फारशी आठवण ठेवली नाही. अखेर १९९० च्या दशकाच्या शेवटी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा दिल्लीत सत्कार ठरवला. तेव्हा परिषदेच्या महासंचालकपदी डॉ. सत्यवती होत्या. साठहून अधिक वर्षांपूर्वी मुलगी म्हणून जिचा अर्ज फेटाळला गेला, तिच्या सत्काराचा हा समारंभ एका स्त्री महासंचालकाने आखला होता. सभागृह भरलेले होते. समारंभ चालू असतानाच कमलाबाई कोसळल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.